उद्या किती डबे? पहिल्या वेब सर्व्हिसबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की प्रोग्रॅमिंग शिकायला लागून चार-सहा महिने झाले की स्वतःची एक छोटी वेब सर्व्हिस करून बघावी. म्हणजे असा प्रोग्रॅम, जो एका पत्त्यावर बसून राहतो, कोणी विचारलं की उत्तर देतो आणि पुन्हा वाट बघतो. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली काही इथे घेतली आहेत. नागपुरात लक्ष्मीनगरला माझ्या घरी रविवारी सकाळी जी मुलं शिकायला येतात, त्यांचेही निम्मे प्रश्न हेच असतात. एका पत्राच्या पाकिटात दुसरी चिठ्ठी निघाली, तिचं उत्तर सगळ्यात शेवटी दिलं आहे.

प्रश्न : मॅडम, मी हिंगणा रोडच्या एका कॉलेजात बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी मावशी मानेवाड्याला मेस चालवते, ६० डबे आहेत. रोज रात्री ती फोन घेऊन बसते आणि व्हॉट्सॲपवर 'उद्या नको' असे मेसेज शोधते. दोन-चार सुटतातच, मग पोळ्या उरतात. मला तिच्यासाठी वेब सर्व्हिस करायची आहे. रिॲक्ट, डॉकर, मायक्रोसर्व्हिसेस, क्लाउड, सगळ्यांचे व्हिडिओ पाहिले. दोन महिने झाले, नुसतं शिकूनच राहिलो, चालून काहीच नाही राहिलं. सुरुवात कुठून करू?

उत्तर : तू नावं घेतलीस त्यांतलं एकही मावशीच्या ६० डब्यांना लागत नाही. ते सगळं पुढे कामाला येईल, आज बाजूला ठेव. आज तुला लागतो एक पत्ता, त्या पत्त्यावर विचारता येईल असा एक प्रश्न, आणि त्याचं खरं उत्तर.

लॅपटॉप उघडण्याआधी एक संध्याकाळ मावशीच्या स्वयंपाकघरात जाऊन बस. कणीक किती वाजता भिजते ते बघ, कारण तीच तुझी शेवटची वेळ आहे. 'उद्या नको' म्हणणाऱ्याला एक वेळचा नको असतो की दोन्ही वेळचा? गावाला गेलेला मुलगा 'सोमवारी येतो' म्हणाला, तर सोमवारी सकाळचा डबा भरायचा की रात्रीपासून? मावशीला हे सगळं पाठ असतं, कोण कसा बोलतो तेही माहीत असतं. तुझ्या प्रोग्रॅमला यातलं काहीच माहीत नाही. रविवारच्या मुलांमध्ये मी अनेकदा पाहिलं आहे, की कोड धडधडीत चालतो आणि गाडं अडतं ते 'सोमवारी येतो' या दोन शब्दांवर.

मग एक पान घे, मध्ये उभी रेघ मार. डावीकडे काय विचारलं, उजवीकडे काय उत्तर द्यायचं. उदाहरणार्थ, डावीकडे 'डबे/१७/२०२६-०२-१०/रात्र' असा पत्ता. खरा पत्ता तू रोमन अक्षरांत लिहिशील. १७ हा ग्राहकाचा नंबर. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिही, कारण १०-०२ म्हणजे फेब्रुवारीतली दहा की ऑक्टोबरमधली दोन, यावरून पुढे वाद होतात. या पत्त्यावर 'गेट' आलं, म्हणजे कोणी नुसतं विचारलं, तर उजवीकडे 'हवा' किंवा 'नको'. त्याच पत्त्यावर 'पुट' आलं आणि सोबत 'नको' आलं, तर नोंद करायची आणि २०० हा आकडा परत द्यायचा.

आता त्याच पानावर नको असलेल्या गोष्टी लिही. ९९ नंबरचा ग्राहकच नाही : ४०४. तारीख ३१ फेब्रुवारी : ४००. रात्री दहा वाजून गेले आणि कोणी उद्या सकाळचा डबा रद्द करतंय : ४०९, सोबत 'वेळ संपली, मावशींना फोन करा' हे वाक्य. शेवटच्या ठिकाणी कोणी ४२२ देईल, त्यावर मी वाद घालणार नाही. २०० मात्र देऊ नकोस. नवशिक्यांच्या दहातल्या आठ सर्व्हिसमध्ये मला हेच सापडतं : वरती २००, म्हणजे सगळं ठीक, आणि आत मजकुरात लिहिलेलं 'एरर'. पलीकडचा प्रोग्रॅम आधी आकडा वाचतो. त्याला २०० दिसला की तो मुलाला हिरवी खूण दाखवतो, मुलगा निर्धास्त झोपतो आणि सकाळी डबा दारात. आकडा ४ ने सुरू झाला तर विचारणाऱ्याचं चुकलं, ५ ने सुरू झाला तर आपलं चुकलं. एवढा फरक जरी तुझ्या सर्व्हिसने इमानाने पाळला, तर ती वापरणाऱ्याचे कितीतरी तास वाचतील.

'पुट' का, 'पोस्ट' का नाही? वसतिगृहात नेट अडखळतं, मुलगा बटण दोनदा दाबतो. 'पुट'चा अर्थ 'या पत्त्यावरची स्थिती अशी कर'. दोनदा सांगितलं तरी स्थिती तीच राहते. 'पोस्ट'ने नवी नोंद करत गेलास, तर एकाच डब्याचे दोन 'नको' होतील आणि मावशीचा आकडा एकाने कमी येईल. कोणाचा तरी डबा भरायचा राहून जाईल.

वेब सर्व्हिस समजावताना यूट्यूबवर हॉटेलातल्या वेटरची उपमा सगळे देतात. ती मला अपुरी वाटते, कारण वेटर तुम्हाला ओळखतो आणि मघाची ऑर्डर त्याच्या लक्षात असते. एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ते, त्याला काहीही लक्षात राहत नाही. प्रत्येक रिक्वेस्ट कोऱ्या पाटीवर येते, त्यामुळे कोण विचारतंय, कशाबद्दल, कुठल्या तारखेचं, हे सगळं दर वेळी सोबत यावं लागतं. लक्षात ठेवायचं काम डेटाबेसचं.

आता कोड. पायथन येत असेल तर फ्लास्क घे, वेब सर्व्हिस लिहायचं तयार साधन. २०१० पासून आहे, छोटं आहे, आणि पहिला पत्ता सात-आठ ओळींत चालू होतो. पहिल्या दिवशी डेटाबेस नको. कोणी काहीही विचारलं तरी 'हवा' असं ठोकून उत्तर देणारं एकच फंक्शन लिही आणि चालव. मग दुसरी काळी खिडकी, म्हणजे टर्मिनल, उघडून 'कर्ल' या आज्ञेने तो पत्ता विचार, सोबत 'आय' हा पर्याय दे, म्हणजे उत्तरासोबत वरचा मथळाही दिसेल. नीट बघ : पहिल्या ओळीत एचटीटीपी आणि २००. खाली मजकूर कुठल्या प्रकारचा ते, 'टेक्स्ट/एचटीएमएल'. मग किती बाइटचा ते. मग एक कोरी ओळ. त्या कोऱ्या ओळीखाली तुझा 'हवा'. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत १९८९ मध्ये ज्याचा प्रस्ताव मांडला, त्या वेबवर आजही बोलणं मुळात याच पद्धतीचं चालतं : आधी मथळा, मग मजकूर. आतल्या ओळी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या की पुढे कुठलंही फ्रेमवर्क आलं तरी दडपण येत नाही.

दुसऱ्या दिवशी एसक्यूलाइट. पायथनसोबतच येतं, वेगळं काही बसवायचं नाही, सगळा डेटाबेस एका फाइलीत. इथे मावशीची वही बघ. ती 'हवा' कधीच लिहीत नाही. जो येणार तो येणारच, वहीत फक्त 'नको' असतात. तूही तेच कर. एक तक्ता ग्राहकांचा, दुसरा 'नको'चा : ग्राहक नंबर, तारीख, वेळ. या तिन्हींवर मिळून 'युनिक'ची अट घाल, म्हणजे तीच ओळ दुसऱ्यांदा घुसायला गेली तर डेटाबेसच अडवेल, आणि तू ते 'आधीच नोंद आहे' म्हणून शांतपणे स्वीकारायचं. 'हवा' आलं की ती ओळ पुसायची. उद्याचा आकडा म्हणजे चालू ग्राहक वजा उद्याचे 'नको'. बाहेरून आलेली कुठलीही गोष्ट एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेच्या, वाक्यात अधिकचं चिन्ह लावून जोडू नकोस. प्रश्नचिन्ह ठेव आणि किंमत वेगळी दे, नाहीतर कोणीतरी नंबराच्या जागी एसक्यूएलच पाठवेल आणि तक्ता पुसला जाईल. आणि एक गोष्ट जी मला उशिरा कळली : एसक्यूलाइटमध्ये परकीय चावीची तपासणी, म्हणजे 'नको'तला ग्राहक नंबर ग्राहकांच्या तक्त्यात आहे का हे बघणं, मुळात बंद असते. प्रत्येक जोडणीवर 'प्राग्मा फॉरेन कीज' चालू करावं लागतं, नाहीतर नसलेल्या ग्राहकाचा 'नको'सुद्धा आत जातो आणि तुझा आकडा बिघडतो.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर सर्व्हिस छान चालते, पण मैत्रिणीच्या फोनवर तोच पत्ता टाकला की 'साइट उघडत नाही' येतं. दोघींचं वायफाय एकच आहे. — एक विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर : तू तिला १२७.०.०.१ किंवा 'लोकलहोस्ट' दिलं असणार. हा पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. तिच्या फोनने तो उघडला की फोन स्वतःलाच विचारतो, आणि फोनमध्ये तुझी सर्व्हिस नाही.

दोन गोष्टी कर. सर्व्हिस चालवताना होस्ट ०.०.०.० दे, म्हणजे ती बाहेरून येणारंही ऐकेल. मग तुझ्या लॅपटॉपचा वायफायवरचा पत्ता शोध. बहुतेक १९२.१६८ ने सुरू होईल. तो आणि पुढे पोर्ट, म्हणजे सर्व्हिसच्या दाराचा नंबर, ५००० असं मैत्रिणीला दे. तरी नाही उघडलं, तर विंडोजचा फायरवॉल बघ. तोही ठीक असेल आणि तुम्ही वसतिगृहाच्या वायफायवर असाल, तर तिथे एका यंत्राला दुसऱ्याशी बोलू न देण्याची व्यवस्था बऱ्याचदा असते. फोनचा हॉटस्पॉट लावून बघ, लगेच कळेल.

एक काळजी घे. होस्ट उघडा केलास की डीबग मोड, म्हणजे चुका शोधायची सोय, बंद. फ्लास्कच्या डीबग मोडमध्ये चूक झाली की पानावर एक छोटा कन्सोल मिळतो, आणि त्यात तुझ्या लॅपटॉपवर पायथन चालवता येतं. त्याला पिन असतो, पण परक्या वायफायवर त्या पिनच्या भरवशावर राहू नकोस.

प्रश्न : गेट आणि पोस्ट, दोन्हींनी माझं काम होतं. मग फरक पाळायचा कशाला? गेट तर नुसत्या लिंकने चालतं, सोपं पडतं. — खामला

उत्तर : याचं उत्तर मला स्वतःच्या चुकीतून मिळालं, म्हणून सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वीचा मे महिना. आमच्या वसाहतीत पाण्याचा टँकर यायचा, आणि नागपूरचा मे म्हणजे पिण्याला, कूलरला, सगळ्यालाच पाणी लागतं. घरांच्या पाळ्या लावण्यासाठी मी एक छोटी सर्व्हिस केली. प्रत्येक घराला त्याच्या पाळीची लिंक जायची, आणि खाली दुसरी लिंक : 'पाळी रद्द'. ती उघडली की पाळी रद्द होऊन पुढच्या घराला जायची. गेटने. मलाही तेव्हा तेच सोपं वाटलं होतं.

एके सकाळी समोरच्या इमारतीतल्या आजोबांची पाळी गेली. त्यांच्याकडे सून बाळंतीण होती, घरात पाणी नाही. ते शपथेवर सांगत होते, मी काही दाबलं नाही. मी नोंदींची फाइल उघडली. ७ वाजून ४२ मिनिटांनी रद्दची लिंक उघडली गेली होती, आणि उघडणाऱ्याच्या नावाच्या जागी ब्राउझरचं नाव नव्हतं, 'व्हॉट्सॲप' असं होतं. तेव्हा उलगडा झाला. आजोबांनी ती लिंक वसाहतीच्या ग्रुपमध्ये चिकटवून विचारलं होतं, 'ही कशाची लिंक आहे?' लिंक चिकटवली की खाली जो छोटा चौकोन दिसतो, मथळा आणि चित्र असलेला, तो तयार करायला व्हॉट्सॲप ते पान आधी स्वतः उघडून बघतं. बघण्यासाठीच तर उघडतं, आणि माझ्या सर्व्हिसने त्या बघण्यालाच रद्द समजून घेतलं. आजोबा खरं बोलत होते. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, की चूक माझी आहे, आणि आमच्या टाकीतल्या बादल्या त्यांच्याकडे पोचवल्या.

गेट म्हणजे बघणं. एचटीटीपीचे नियम ज्या दस्तऐवजात आहेत, जून २०२२ चा आरएफसी ९११०, त्यात गेटला 'सुरक्षित' म्हटलं आहे, म्हणजे विचारणाऱ्याने काही बदल मागितलेला नाही. हा नियम जुनाच आहे, आणि सगळी दुनिया त्यावर विसंबून असते : शोधयंत्रं लिंकमागून लिंक उघडत जातात, ब्राउझर पुढचं पान आधीच आणून ठेवतात. २००५ मध्ये गूगलचं वेब ॲक्सिलरेटर आलं, ते पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायचं. तेव्हा ज्यांनी पुसण्याच्या लिंक गेटवर ठेवल्या होत्या, त्यांच्या वापरणाऱ्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या.

आता माझी रद्दची लिंक नुसतं पान दाखवते : 'मंगळवारची पाळी रद्द करायची?' खाली बटण. बटण पोस्ट पाठवतं. एक टिचकी जास्त लागते, ती लागू दे.

प्रश्न : इतवारीत आमचं किराण्याचं दुकान आहे. मालाचे भाव देणारी सर्व्हिस मी हौसेने केली, वय ५४, यंदाच शिकलो. 'तूर डाळ' विचारलं की उत्तरात तिरकी रेघ, यू, ०९२४, पुन्हा तिरकी रेघ, यू, ०९४२ असं काहीतरी येतं. मराठी बिघडली का? शिवाय 'वऱ्हाडी मसाला' यादीत असूनही शोधात सापडत नाही.

उत्तर : काका, आधी मनापासून अभिनंदन. मराठी बिघडलेली नाही. युनिकोड म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत. ०९२४ हा त्यात 'त' चा क्रमांक, ०९४२ हा दीर्घ उकाराचा आणि ०९३० हा 'र' चा. पायथनचं जेसन, म्हणजे प्रोग्रॅमनी एकमेकांना माहिती लिहून पाठवायची पद्धत, सावधगिरी म्हणून इंग्रजीबाहेरचं प्रत्येक अक्षर असं क्रमांकाने लिहितं, आणि वाचणारा प्रोग्रॅम ते परत 'तूर' करतो. पण आपल्या डोळ्यांना वाचायचं असेल, तर फ्लास्कमध्ये ॲपच्या जेसनची 'एन्शुअर ॲस्की' ही सेटिंग 'फॉल्स' करा. मग अक्षरं यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत, जशीच्या तशी जातील. 'तूर' तेव्हा ९ बाइटचा होतो, दर चिन्हाला ३.

'वऱ्हाडी'ची गोष्ट मात्र खरंच आपल्या भाषेची आहे. हा ऱ्ह तीन तऱ्हांनी टाइप होऊ शकतो. एक, 'ऱ' हे एकच चिन्ह आणि हलन्त. दोन, साधा 'र', त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र तीन वेगळे शब्द. तुमच्या यादीत एक आहे, शोधणाऱ्याच्या कळफलकातून दुसरा येतो. पायथनच्या 'युनिकोडडेटा'मध्ये 'नॉर्मलाइझ' आहे, त्याला 'एनएफसी' सांगा, म्हणजे पहिले दोन एक होतात. तिसरा त्याने सुटत नाही. 'र', हलन्त, जोडचिन्ह हा गट दिसला की 'ऱ' आणि हलन्त असं स्वतः बदलून घ्यावं लागतं. 'ॲ' चंही तसंच : नवं एकच चिन्ह आणि जुना 'अ' वरचा चंद्र, हे दोन्ही वेगळे, आणि तेही हाताने जुळवायचे. साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे हेच फंक्शन लावा. इंग्रजीतल्या धड्यांमध्ये हे सहसा भेटत नाही. आपल्याला मात्र पहिल्याच यादीत भेटतं.

आणि भाव रुपयांत दशांशाने ठेवू नका. पैशांत, पूर्ण आकड्यात ठेवा. पायथनला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारून बघा, ०.३ च्या पुढे शून्यांची रांग आणि शेवटी ४ दिसेल.

प्रश्न : माझे बाबा बर्डीवर पहाटे पेपर उचलून लाइनवर वाटतात. कुठल्या घरी टाकला याची नोंद मी सर्व्हिसवर करते, पण पहाटेच्या नोंदी आदल्या दिवसाच्या तारखेत जातात. सातनंतर केल्या की बरोबर येतात.

उत्तर : तुझा सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. १२ तारखेच्या पहाटे ४:४५ ला तू नोंद केलीस, तेव्हा तिथे ११ तारखेचे रात्रीचे ११:१५ वाजलेले असतात. साडेपाच वाजून गेले की दोन्ही तारखा एक होतात, म्हणून सातनंतरचं बरोबर दिसतं. दिवसा काम करणाऱ्याच्या हे कधी लक्षातच येत नाही. पहाटे उठणाऱ्याच्या वहीत मात्र रोज दिसतं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेव. नोंद कोणत्या क्षणी झाली, तो क्षण यूटीसीतच राहू दे. पेपर कोणत्या तारखेचा, हा स्वतंत्र रकाना, आणि तो भरताना 'आशिया/कोलकाता' या वेळेनुसार आजची तारीख काढ. पायथन ३.९ पासून त्यासाठी 'झोनइन्फो' आहे. विंडोजवर 'टीझेडडेटा' हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं, नाहीतर तो भागच सापडत नाही म्हणून ओरडतो. जुन्या नोंदी दुरुस्त करताना आधी फाइलची प्रत काढून ठेव.

प्रश्न : एआयकडून कोड लिहून घेतला तर शिकणं होतं का?

उत्तर : घ्या, पण चालवण्याआधी त्याच्या प्रत्येक पत्त्याला तीन प्रश्न विचारा : नंबर नसलेला आला तर? तीच रिक्वेस्ट दोनदा आली तर? मजकूर रिकामा आला तर? कोड वाचून तुम्हाला उत्तरं सांगता आली, तर तो तुमचा झाला.

प्रश्न : घरचा जुना लॅपटॉपच सर्व्हर म्हणून चालू ठेवता येईल का? की फुकटच्या क्लाउडवर टाकू? — नंदनवन

उत्तर : शिकण्यापुरता लॅपटॉप उत्तम, एकाच वायफायवरच्या माणसांसाठीही उत्तम. पण बाहेरून कोणाला पोचता येईलच असं नाही. घरगुती इंटरनेटमध्ये बऱ्याचदा कंपनी अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला तुमचं दार सापडत नाही. शिवाय आपल्याकडे पारा ४५ वर गेला की बंद खोलीतल्या जुन्या लॅपटॉपचा पंखा दिवसभर किंचाळतो आणि बॅटरी फुगते. माझ्याकडे अशी एक फुगलेली आहे.

फुकटच्या जागेवर ठेवण्याआधी एकच गोष्ट तपासा : तिथली डिस्क टिकते का? माझ्या एका विद्यार्थिनीने आठ दिवस नोंदी भरल्या, नवव्या दिवशी कोडमध्ये एक शब्द बदलून पुन्हा चढवला आणि एसक्यूलाइटची फाइल गायब. त्या ठिकाणी दर नव्या चढवणीला डिस्क कोरी होत होती. पहिल्याच दिवशी एक नोंद करा, सर्व्हिस पुन्हा चढवा, नोंद आहे का बघा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि फ्लास्कसोबत येणारा सर्व्हर सरावासाठी आहे, लोकांसमोर ठेवताना गनिकॉर्न किंवा वेट्रेस वापरा. एचटीटीपीएसचं, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही अशा जोडणीचं, प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं, आपोआप नवं होण्याची सोय तेवढी लावून ठेवा.

प्रश्न : (पहिल्या पत्राच्या पाकिटात वेगळ्या अक्षरातली चिठ्ठी होती.) बाई, भाचा माझ्यासाठी खटपट करून राहिला, मला कौतुक आहे. पण मला टायपिंग जमत नाही, आणि पोरं मला व्हॉट्सॲपच करतील, त्याच्या मशीनवर कोणी जाणार नाही. मग याचा मला उपयोग काय होईल?

उत्तर : ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे, आणि भाच्याने ही चिठ्ठी पाकिटात घालून पाठवली याचा मला फार आनंद झाला.

पोरांची सवय लगेच बदलणार नाही, बदलायची गरजही नाही. सुरुवातीला 'नको' तुम्हाला आले की भाच्याने किंवा घरातल्या कोणीही ते सर्व्हिसमध्ये टाकावेत. तुम्हाला फक्त एकच गोष्ट हवी : रात्री दहाला एक आकडा. भाच्याला सांगा, एक असं पान कर ज्यावर दुसरं काहीच नाही, मोठ्या ठळक अक्षरात सकाळचे ५३, रात्रीचे ४८, आणि खाली 'नको' असणाऱ्यांची नावं. नावं हवीतच. आकडा चुकला तर कोणामुळे चुकला, हे तुम्ही नावांवर नुसती नजर टाकून ओळखाल, त्याला ते ओळखता येणार नाही. फोन ओट्याजवळ टेकवून ठेवा, हात पिठाचे असले तरी दिसेल.

त्या पानाला कुलूप मात्र असू द्या. कोण कधी गावाला गेला आणि कोणाची खोली रिकामी, हे त्यातून बाहेरच्याला कळतं. पानाला पासवर्ड लाव, आणि पासवर्ड जसाच्या तसा फाइलीत लिहून ठेवू नको, हॅश करून, म्हणजे ज्यावरून मूळ शब्द परत काढता येत नाही अशा रूपात ठेव, हे मी त्याला या उत्तरातूनच सांगते आहे.

आणि तुमची वही बंद करू नका. पंधरा दिवस दोन्ही चालू ठेवा. रोज रात्री वहीतला आकडा आणि पानावरचा आकडा शेजारी शेजारी लिहा. ज्या दिवशी जुळणार नाही, त्या दिवसाला लाल पेनने गोल करा आणि काय झालं ते दोन शब्दांत लिहा : 'सोमवारी रात्री आला', 'भावाचाही नको म्हणाला', जे असेल ते. मग त्या पानांचा फोटो भाच्याकडून माझ्याकडे पाठवा, पुढच्या अंकात मी त्याच्याशी त्या गोलांबद्दलच बोलेन.